घाटाखालच्या बंदराचे जुने फोटो कसे वाचावेत आणि कसे जपावेत

कोल्हापूरला समुद्र नाही, तरी येथील जुन्या घरांच्या ट्रंकांमध्ये आणि भिंतींवरच्या चौकटींमध्ये बंदराचे फोटो बऱ्याचदा सापडतात. मालवण १८१२ पर्यंत कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होते आणि त्या वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे गेले. त्यानंतरही फोंडा, गगनबावडा, आंबा आणि आंबोली या घाटांनी कोल्हापूरचा गूळ खाली उतरत राहिला आणि मीठ, नारळ, सुकी मासळी वर येत राहिली. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली, तरी कोकणाशी असलेले जाणे-येणे आणि सोयरिकी तुटल्या नाहीत. बंदरावर नोकरी केलेले कारकून, तेथे पेढी असलेले व्यापारी, शिक्षणासाठी किंवा धंद्यासाठी घाट चढून आलेली कुटुंबे यांच्या सामानाबरोबर वेंगुर्ले, मालवण, देवगड, विजयदुर्ग, राजापूर, रत्नागिरी या गावांचे फोटो येथे येऊन राहिले.

असे फोटो हाती आले की बहुतेक घरांत पहिला विचार येतो तो ते 'नीट करून' घेण्याचा, म्हणजे डाग काढून, रंग भरून, मोठे करून भिंतीवर लावण्याचा. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की हे काम सर्वांत शेवटी करावे आणि शक्य असेल तर करूच नये. फोटो आधी वाचावा. बंदरगावाच्या रोजच्या जगण्याचा पुरावा फोटोच्या मध्यभागी बसलेल्या माणसांपेक्षा कडेला उभ्या असलेल्या, अर्धवट हललेल्या, कोणी लक्ष न दिलेल्या गोष्टींत जास्त असतो, आणि दुरुस्तीच्या नावाखाली सर्वप्रथम पुसला जातो तो नेमका हाच भाग.

हाताळणे

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि फोटो दोन्ही बाजूंनी कडेला धरावा. बोटांचा घाम आणि तेल चंदेरी थरावर बसले की काही वर्षांनी तेथे ठसा उमटतो आणि तो निघत नाही. काचेची प्लेट किंवा फिल्मची निगेटिव्ह असेल तर नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सुती हातमोज्यांनी काच निसटण्याची भीती असते. टेबलावर स्वच्छ पांढरा कागद पसरावा आणि चहाचा कप त्या टेबलावर आणू नये. धूळ मऊ ब्रशने, मधून कडेकडे, अगदी हलक्या हाताने काढावी. ओले फडके, कोलिन, स्पिरिट, खोडरबर यांपैकी काहीही लावू नये.

चौकटीच्या काचेला फोटो चिकटला असेल तर तो ओढून सोडवण्याचा प्रयत्न करू नये. काचेला चिकटलेला जिलेटिनचा थर कागदापासून सुटून काचेवरच राहतो आणि मग हाती फक्त पांढरा कागद उरतो. असा फोटो काचेसकट ठेवावा आणि काचेतूनच त्याची प्रत घ्यावी.

फोटो कोणत्या जातीचा आहे

दहा पट मोठे दाखवणारे भिंग कोणत्याही चष्म्याच्या किंवा घड्याळाच्या दुकानात मिळते. त्यातून पाहिल्यावर चित्र बारीक ठिपक्यांच्या ओळींनी बनलेले दिसले तर तो छापखान्यात छापलेला कागद आहे, फोटो नव्हे. जुन्या चित्र-पोस्टकार्डांबाबत ही तपासणी फार उपयोगी पडते. पोस्टकार्ड टपालाने गेलेले असेल तर मागचे तिकीट आणि शिक्का हे सर्वांत भरवशाचे साक्षीदार असतात. सातव्या एडवर्डचा चेहरा असेल तर १९०२ नंतरचे, पाचव्या जॉर्जचा असेल तर १९११ नंतरचे, सहाव्या जॉर्जचा असेल तर १९३७ नंतरचे, आणि शिक्क्यातील गाव व तारीख वाचता आली तर आणखी काहीच नको.

ठिपके नसतील तर कागदाचा पोत पाहावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतेक फोटो अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या कागदावर, म्हणजे अल्ब्युमेन कागदावर, काढलेले असतात. हा कागद इतका पातळ असतो की तो जाड पुठ्ठ्यावर डकवावाच लागत असे. त्याचा रंग तपकिरी-जांभळा असतो, उजळ भाग पिवळे पडलेले असतात, आणि अधिक ताकदीच्या भिंगातून चित्राच्या आड कागदाचे तंतू दिसतात. त्यानंतरच्या जिलेटिनच्या कागदात चित्र आणि कागद यांच्यामध्ये पांढरा थर असल्यामुळे तंतू दिसत नाहीत, आणि काळ्या भागांवर आरशासारखी निळसर चकाकी येते. ही चकाकी म्हणजे मळ नव्हे. चांदी पृष्ठभागावर आलेली असते, म्हणून ती पुसू नये.

पुठ्ठ्याचे मापही बोलते. साधारण साडेसहा बाय दहा सेंटिमीटरचे छोटे कार्ड १८५४ मध्ये फ्रान्समध्ये पेटंट घेतलेल्या 'कार्ट द व्हिझिट' या प्रकारातले असते, तर साधारण अकरा बाय साडेसोळा सेंटिमीटरचे मोठे कार्ड १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेल्या 'कॅबिनेट' प्रकारातले. जुने पुठ्ठे पातळ आणि चौकोनी कोपऱ्यांचे, तर नंतरचे जाड, गोल कोपऱ्यांचे, सोनेरी कडेचे असतात. स्टुडिओचे नाव आणि पत्ता खाली किंवा मागे छापलेला असेल तर तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा, मात्र एक गोष्ट विसरू नये: मुंबईच्या स्टुडिओचे नाव असलेला फोटो मुंबईत काढलेला असेलच असे नाही, कारण फिरतीवर जाणारे फोटोग्राफर होते आणि गावात काढलेल्या निगेटिव्हच्या प्रती शहरातही काढून घेतल्या जात.

बंदर वाचणे

येथे घाई करू नये. एका फोटोला एक संध्याकाळ दिली तरी ती वाया जात नाही.

सुरुवात हालचालीपासून करावी. १८५० आणि १८६० च्या दशकांत काचेवर कोलोडियनचा ओला थर देऊन, तो वाळण्याआधी फोटो काढून लगेच धुवावा लागे, म्हणून फोटोग्राफर अंधारी राहुटी सोबत घेऊन फिरत, आणि उघडझाप काही सेकंद चाले. त्या काही सेकंदांत लाटा धुक्यासारख्या सपाट होतात, नांगरलेली होडी डोलून दुहेरी दिसते आणि चालणारा माणूस पूर्ण नाहीसा होतो. म्हणून अशा फोटोत बंदरावरची बाजारपेठ ओस पडलेली दिसली तर ती ओस होती असे समजू नये. तेथे गर्दी असेल, पण ती थांबली नाही. १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या प्लेटा सर्रास मिळू लागल्या आणि क्षणभराच्या उघडझापीत चित्र येऊ लागले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या माणसांची उचललेली पावले स्पष्ट दिसत असतील तर तो फोटो त्यानंतरचा आहे, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

दुसरी गोष्ट रंगांची. त्या काळच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला फार आणि तांबड्याला जवळजवळ काहीच प्रतिसाद देत नसत. त्यामुळे आकाश कोरे पांढरे येते, निळीत रंगवलेले लुगडे फिके दिसते आणि तांबडे पागोटे काळे दिसते. कपाळावरचे कुंकू काळ्या ठिपक्यासारखे उमटते. कोकणात घरे जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची असल्यामुळे त्यांच्या भिंती आणि कौले काळवंडलेली दिसतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की गाव जळके आणि कळकट होते. ते तसे नव्हते. संगणकावर किंवा मोबाईलवर आपोआप रंग भरणारी साधने ही गोष्ट विचारात घेत नाहीत. काळ्या दिसणाऱ्या पागोट्याला ती काळाच रंग देतात आणि चुकीची माहिती खरी वाटू लागते.

तिसरी गोष्ट दिशेची. कोकण किनाऱ्याला समुद्र पश्चिमेला आहे. फोटोत मागे समुद्र दिसत असेल तर कॅमेऱ्याचे तोंड साधारण पश्चिमेकडे आहे. अशा वेळी सावल्या आपल्याकडे पडत असतील तर दुपारनंतरची वेळ, आणि समुद्राकडे पडत असतील तर सकाळची वेळ. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या असतील तर ओहोटी आहे. धक्क्याच्या दगडांवर किंवा खांबांवर ओली काळी रेघ दिसत असेल तर भरतीचे पाणी कोठवर चढते ते कळते, आणि तीच रेघ आजच्या धक्क्यावर शोधून फोटो कोठे उभे राहून काढला हे ताडता येते.

ऋतूही ओळखता येतो. पावसाळ्याच्या तोंडावर गलबते आणि होड्या ओढून किनाऱ्यावर घेत आणि माडाच्या झापांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात लोटत. झापांखाली झाकलेले गलबत दिसले की जून ते ऑगस्ट हा काळ धरावा. वाळूत पसरलेली मासळी, बांबूंवर वाळत घातलेली जाळी, माड-पोफळीच्या बागांना शिपणे चाललेले, हे उघडिपीचे दिवस. होडीच्या एका बाजूला पाण्यावर टेकणारे लाकूड, म्हणजे उलांडी, दिसली तर ती मासेमारीची होडी आहे. मोठी डोलकाठी, तिरके शीड आणि पोटात मालासाठी जागा असेल तर ते गलबत किंवा मचवा आहे. लहान बंदरांत पाणी उथळ असल्यामुळे आगबोट दूर खोल पाण्यात थांबे आणि पडाव उतारूंना किनाऱ्यापर्यंत आणीत. म्हणून क्षितिजाजवळ धुराची पुसट रेघ आणि पुढे माणसांनी भरलेला पडाव, असे चित्र असेल तर तो 'बोटीचा दिवस' आहे, आणि किनाऱ्यावरची गर्दी जत्रेची नव्हे, चाकरमान्यांना आणायला आलेल्या घरच्यांची असण्याची शक्यता अधिक.

काळ ठरवताना इमारती आणि वस्तू पाहाव्यात. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना मंगळुरात १८६५ मध्ये निघाला. छपरावर ती सपाट कौले असतील तर फोटो त्याआधीचा नाही, नळीची कौले मात्र पुढेही बराच काळ टिकल्यामुळे त्यांवरून उलटा निष्कर्ष काढू नये. रत्नागिरीच्या फोटोत थिबा राजवाडा असेल तर तो १९१० नंतरचा. गांधी टोपी १९२० नंतरची. मोटार, विजेचा खांब, सायकल, रॉकेलचा चौकोनी डबा, यांतली प्रत्येक वस्तू 'याआधी नाही' एवढे सांगते, 'याच वर्षी' असे सांगत नाही. अशा सर्व खुणा एकत्र मांडून जो काळ उरतो तोच लिहावा, आणि तो वीस वर्षांचा निघाला तर वीस वर्षांचाच लिहावा.

एक तपासणी सहसा राहून जाते. निगेटिव्ह उलटी धरून प्रत काढली असेल तर डावे-उजवे बदलते, आणि मग दीपगृह किंवा किल्ला भलत्याच बाजूला दिसून गाव ओळखता येत नाही. पाटीवरची अक्षरे असतील तर प्रश्नच मिटतो. नसतील तर माणसे पाहावीत. जानवे डाव्या खांद्यावर असते आणि नथ डाव्या नाकपुडीत. दोन्ही उजवीकडे दिसली तर प्रत उलटी आहे. श्राद्धकर्माच्या वेळी जानवे उजव्या खांद्यावर घेतात, एवढा अपवाद ध्यानात ठेवावा.

कोल्हापुरातल्या एका घरातला कॅबिनेट आकाराचा फोटो येथे उदाहरणासाठी घेतो. मध्यभागी खुर्च्यांवर कोट-उपरणे घातलेले चार गृहस्थ बसले आहेत आणि घरच्यांना त्यांतले एकच, म्हणजे पणजोबा, ओळखू येतात. मागे किनाऱ्याला लागलेला पडाव आहे. भिंगातून पाहिल्यावर दिसते की पडावापासून वाळूपर्यंत एक फळी टाकली आहे आणि गुडघाभर पाण्यात दोन माणसे खांद्यावर गोणपाटात बांधलेल्या ढेपा घेऊन उभी आहेत, बहुधा गूळच. डाव्या कडेला डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई आहे आणि तिला दोन चेहरे आहेत, कारण उघडझाप चालू असताना तिने मान वळवून कॅमेऱ्याकडे पाहिले. उजव्या कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या कडेने अर्धा कापला गेलेला एक मुलगा ताजव्याची दांडी धरून आहे. खुर्चीवरच्यांना न हलण्याची सूचना होती. बाकीच्यांना कोणी काही सांगितले नव्हते. बंदरावर माल कसा चढ-उतार होई, तोलणे कोठे चाले, बायका कोणते काम करीत, हे सर्व त्या न सांगितलेल्या माणसांकडून कळते. हा फोटो मोठा करायला दिला तेव्हा पणजोबांचा चेहरा तेवढा कापून घ्यायचा बेत होता.

विचारून घेणे

फोटोची मोठी प्रत काढावी आणि ती घेऊन घरातल्या वयस्कर माणसांकडे जावे. मूळ फोटो नेऊ नये. आज्जींना किंवा आत्यांना 'हा कोणत्या सालचा?' असे विचारले की त्या 'मला काय ठाऊक बाळ' म्हणतात आणि बोलणे तिथेच थांबते. त्याऐवजी 'ही माणसे काय करताहेत?', 'हे घर कोणाचे असेल?', 'पाणी कोठून आणत होता?' असे विचारावे. कोकणातून आलेल्या माणसाला होडी दाखवली की 'ही होडी न्हय, ह्यो पडाव' अशी दुरुस्ती तत्काळ मिळते आणि मग तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, कोण होता, जकातीचे नाके कोठे होते, इथपर्यंत गोष्ट जाते. मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा, मात्र आधी विचारून. सांगणाऱ्याचे नाव, नाते आणि तारीख नोंदवावी, आणि डोळ्यांनी पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते हे वेगळे लिहावे. खलाशी, हमाल, कोळणी यांची नावे आठवत असतील तर ती सर्वांत आधी लिहून घ्यावीत. खुर्चीवरच्यांची नावे कागदपत्रांत कोठे ना कोठे सापडतील. यांची दुसरीकडे मिळणे कठीण.

ऐकलेले पडताळून पाहण्यासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे दोन खंड हाताशी ठेवावेत: रत्नागिरी व सावंतवाडीचा १८८० चा आणि कोल्हापूरचा १८८६ चा. प्रत्येक बंदराचा व्यापार, गलबतांचे प्रकार, घाटरस्ते यांची त्यांत तपशीलवार माहिती आहे. वेंगुर्ले आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये झाला, हे जुन्या नोंदी शोधताना लक्षात असू द्यावे. कोल्हापुरात १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आहे आणि पुरालेखागार आहे. तेथे जाताना मोकळ्या हाताने न जाता फोटोची प्रत आणि आपली टिपणे घेऊन जावीत.

प्रत घेणे आणि ठेवणे

सपाट काचेच्या स्कॅनरवर पोस्टकार्ड आकाराचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) आणि छोटे कार्ड १२०० डीपीआयला घ्यावे. कागद आत ओढून घेणाऱ्या यंत्रात जुना फोटो कधीही घालू नये. फोटो कृष्णधवल वाटला तरी स्कॅन रंगीत घ्यावा, म्हणजे पिवळेपणा आणि डाग यांचीही नोंद राहते. पुठ्ठ्याच्या कडांसकट पुढची आणि मागची, दोन्ही बाजू घ्याव्यात. मूळ फाइल टिफमध्ये ठेवावी, तिला हात लावू नये, आणि पाठवण्यासाठी वेगळी जेपेग प्रत करावी. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत ही प्रत समजू नये, कारण ती दाबून लहान केलेली असते. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाईल फोटोला समांतर धरून चित्र घ्यावे. पाठीमागचे पेन्सिलचे पुसट अक्षर वाचता येत नसेल तर विजेरीचा झोत एका बाजूने अगदी तिरका टाकावा.

मूळ फोटोवर क्रमांक लिहायचाच असेल तर मागे, कडेजवळ, मऊ पेन्सिलीने, फोटो कडक सपाट पृष्ठभागावर ठेवून आणि न दाबता लिहावा. बॉलपेनची शाई पुढे उतरते. चिकटपट्टी, डिंक आणि लॅमिनेशन या तिन्ही गोष्टी कायमच्या नुकसानीच्या आहेत.

कोल्हापूरचा पावसाळा हा या फोटोंचा खरा शत्रू आहे. आषाढ-श्रावणात भिंती घाम सोडतात, आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात बुरशी धरते; माळ्यावर ठेवावे तर उन्हाळ्यात कौलांखाली फोटो भाजून निघतात. घराच्या आतल्या भागातील, भिंतीपासून थोडे सोडलेले, रंगवलेले लोखंडी कपाट सर्वांत बरे. प्रत्येक फोटो आम्लविरहित कागदात किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात घालावा; पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटे वापरू नयेत. हवेतली सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहावी हे उद्दिष्ट. घरात ते पूर्ण साधत नाही, पण घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून आणि त्या वेळोवेळी वाळवून बरेच जमते. डांबराच्या गोळ्या आणि कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत कपड्यांसाठी ठीक आहे. फोटोंना गोळ्यांची वाफ सोसत नाही आणि पाल्याचे डाग पडतात.

फिल्मच्या निगेटिव्ह असतील तर कडेला काय छापले आहे ते पाहावे. 'सेफ्टी' असे असेल तर चिंता कमी. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती फिल्म खराब होऊ लागली आहे, तिला इतरांपासून वेगळे करून लवकर प्रत घ्यावी. 'नायट्रेट' असे असेल, किंवा काहीच नसून फिल्म १९५० च्या आधीची, पिवळी आणि चिकट झालेली असेल, तर ती लवकर पेट घेणारी आहे असे धरून चालावे. तिला देवघर, स्वयंपाकघर आणि इन्व्हर्टर यांपासून दूर, थंड आणि हवेशीर जागी ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

सर्व नोंदी झाल्यावर एक संच फोटो ज्या गावचा आहे त्या गावाला द्यावा. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, आणि इतर बंदरगावांतही जुनी वाचनालये आहेत. आधी पत्र लिहून त्यांना संच हवा का ते विचारावे आणि फाइलबरोबर टिपणांची छापील प्रत द्यावी. फोटो घाट चढून आला तेव्हा त्याच्यातल्या कडेच्या माणसांची घरे मागेच राहिली होती. त्या बाईला किंवा ताजवा धरलेल्या मुलाला ओळखणारे कोणी असेल तर ते तिथेच असण्याची शक्यता आहे. म्हणून प्रतीखाली जागा सोडावी आणि 'कोणी ओळखल्यास कळवावे' असे लिहून आपला पत्ता द्यावा.